कॉन्टॅक्ट डिलीट केला, तरी तो पत्ता येतोच कसा?

"त्याचा जुना आयडी मी कॉन्टॅक्टमधून काढला होता, तरी मेल तिथेच गेला!" ही तक्रार पणजीतल्या कुठल्याही ऑफिसात कानावर पडते. त्यावरचा सल्लाही ठरलेला: परत डिलीट कर, फोन रिस्टार्ट कर. त्याने काहीही होणार नाही. दोन वेगळ्या याद्या एकच समजल्या जातात, तोवर हा घोळ चालूच राहणार.

एक यादी कॉन्टॅक्टची. नाव आपण भरतो, नको झालं की आपणच काढतो. ती सगळ्यांना ठाऊक आहे.

दुसरी यादी आपण कधी केलेलीच नसते. आपण ज्या पत्त्यावर मेल पाठवतो, तो पत्ता प्रोग्राम परस्पर टिपून ठेवतो. 'टू'मध्ये दोन-तीन अक्षरं टाइप केली की खाली जी नावं उघडतात, त्यांतली बरीच इथून आलेली असतात. जीमेलमध्ये हिचं नाव 'अदर कॉन्टॅक्ट्स', अ‍ॅपलच्या मेलमध्ये 'प्रीव्हियस रेसिपियंट्स', आउटलुकमध्ये 'ऑटो-कम्प्लीट लिस्ट'. कॉन्टॅक्टमधलं नाव खोडलं म्हणून इथलं जात नाही. उलट आउटलुकची ही यादी पूर्ण रिकामी केली तरी कॉन्टॅक्ट जागच्या जागी राहतात. ते जातील या भीतीने लोक वर्षानुवर्षं मेलेले पत्ते सांभाळत बसतात, हे बघवत नाही. (ऑफिसच्या डिरेक्टरीतूनही नावं येतात. ती आपल्याला काढता येत नाहीत, तो विषय तिथेच सोडा.)

ऑफिसचं आणि घरचं खातं एकत्र वापरणाऱ्यांचा खरा घात ही दुसरी यादीच करते. पणजीतल्या पाटोवरच्या एखाद्या ऑफिसात नोकरी आणि गावच्या देवस्थान कमिटीचं सेक्रेटरीपद, असे दोन्ही व्याप सांभाळणारे आपल्याकडे भरपूर. जीमेलमध्ये प्रत्येक खात्याची यादी वेगळी असते, म्हणून ते निर्धास्त असतात. पण जेवणाच्या सुट्टीत कमिटीच्या बैठकीचं इतिवृत्त घाईघाईत ऑफिसच्या खात्यावरून खजिनदारांना धाडलं, की तो घरगुती पत्ता ऑफिसच्या यादीत शिरला. पुढे कधीतरी अकाउंट्समधल्या देसाईंना पगारपत्रक पाठवताना 'डी-ई-एस' टाइप केलं की खजिनदार देसाईही खाली हजर. मॅकवरच्या अ‍ॅपल मेलमध्ये तर सगळ्या खात्यांची मिळून एकच यादी असते, तिथे ही भिंतसुद्धा नाही.

त्यात गोव्यातली आडनावं. देसाई रोमनमध्ये एका 'एस'ने लिहिणारे आहेत, दोन 'एस'ने लिहिणारेही आहेत, आणि पहिली तीन अक्षरं दोघांचीही तीच. माझं ठाम मत आहे, इथे आडनावावरून पत्ता निवडूच नये. पहिलं नाव पूर्ण टाइप करावं आणि नावाखाली बारीक अक्षरांत दिलेला पत्ता '@'च्या पुढपर्यंत वाचावा.

सगळ्यात वाईट प्रकार एकाच माणसाच्या दोन पत्त्यांचा. नाव तेच, कधी फोटोही तोच. त्याने नोकरी सोडली तरी आपल्या यादीत त्याचा कंपनीचा आयडी जिवंतच. घरचा मेडिकल रिपोर्ट आपण विश्वासाने त्याला पाठवतो आणि तो उघडतो त्याच्या खुर्चीवर आलेला नवा माणूस.

उपाय जिथे रोग आहे तिथेच करावा. आउटलुकने 'टू'खाली नाव सुचवलं की त्याच्या उजवीकडच्या फुलीवर क्लिक करा. जीमेलवाल्यांनी गूगल कॉन्टॅक्ट्स उघडून 'अदर कॉन्टॅक्ट्स'मधून तो पत्ता काढावा. मॅकवर मेलच्या 'विंडो' मेनूत ती यादी सापडते. जीमेलच्या सेटिंगमध्ये 'आय विल अ‍ॅड कॉन्टॅक्ट्स मायसेल्फ' असा पर्याय आहे, तो निवडला की नवे पत्ते परस्पर टिपले जात नाहीत. ऑफिसच्या खात्यावर तो प्रत्येकाने निवडावा, यात मी तडजोड करणार नाही. आयफोनच्या मेलमध्ये 'मार्क अ‍ॅड्रेसेस' आहे: तिथे ऑफिसचं डोमेन, म्हणजे पत्त्यातला '@'च्या पुढचा भाग, भरलं की त्याबाहेरचा पत्ता लाल दिसतो. इतकी उपयोगी सोय क्वचितच कोणी चालू केलेली दिसते.

'फ्रॉम'मध्ये कुठलं खातं आहे ते पाहावं, हे वेगळं सांगायला नको. 'टू' मात्र मेल लिहून, फाइल जोडून झाल्यावर सगळ्यात शेवटी भरा. जीमेलचं 'अनडू सेंड', म्हणजे पाठवलेला मेल थांबवायची मुदत, 30 सेकंदांवर नेऊन ठेवा, मुळात ते 5 वर असतं. आउटलुकच्या रिकॉलवर, म्हणजे गेलेला मेल परत ओढण्याच्या सोयीवर, विसंबू नका. ते आपल्याच संस्थेच्या आत चालतं, खजिनदारांच्या जीमेलमध्ये पोचलेलं पगारपत्रक त्याने परत येत नाही.