थ्रॉटलचा फिल्टर आला कुठून

परवा ओळखीतल्या एका पोराचा फोन आला, म्हणे दादा, थ्रॉटलला (मोटरचा जोर कमी-जास्त करायची स्टिक) जरा हात लावला की हेक्सा (सहा मोटरींचा ड्रोन) टुणकन उडी मारतो, फिल्टर किती ठेवू? मी विचारलं कुठला फिल्टर, तर म्हणे तोच की, थ्रॉटलवाला. आणि स्क्रीनशॉट पाठवला जायरोच्या नॉच फिल्टरचा. जायरो म्हणजे ड्रोन किती वेगाने फिरतोय ते मोजणारा सेन्सर, आणि नॉच म्हणजे त्यातली एका ठरावीक वेगाची थरथर कापणारा फिल्टर, थ्रॉटलचा नव्हेच. फेब्रुवारी २०२२ मध्ये तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आली पण सुटे भाग आणता येतात, त्यामुळे पुण्यात घरी जोडणारी पोरं बरीच दिसतात, आणि दोन वेगळे फिल्टर एकच समजायचा हा घोळ मी बऱ्याच जणांचा बघितलाय, म्हणून जरा मागून सांगतो.

२००७ च्या सुमारास जॉर्डी मुन्योझने आर्डुइनो (छोटा स्वस्त कॉम्प्युटर बोर्ड) आणि निन्टेन्डो वी या गेमच्या हातातल्या रिमोटमधले सेन्सर वापरून खेळण्यातलं हेलिकॉप्टर सावरून दाखवलं, तिथून पुढे आर्डुपायलट हे ड्रोन उडवणारं सॉफ्टवेअर उभं राहिलं. २०१० मध्ये फ्रान्समधून मल्टीवी हे तसलंच सॉफ्टवेअर आलं, त्यातही वीचाच जायरो. असला स्वस्त जायरो मोटर-प्रोपेलरची सगळी थरथर पकडतो, कंट्रोलरला (ड्रोनवरचा उडवणारा बोर्ड) वाटतं ड्रोनच हलतंय, मग तो मोटरना उगाच मागेपुढे ढकलतो आणि मोटर तापतात. म्हणून जायरोवर लो-पास बसवला, म्हणजे हळू बदल जाऊ देणारा आणि वेगाची थरथर अडवणारा फिल्टर. हे झालं पहिलं घराणं, याचं काम थरथर गाळायचं, तुमच्या अंगठ्याशी याचा संबंध नाही.

दुसरं घराणं अंगठ्याचं. जुन्या रेडिओतून स्टिकची माहिती साधारण २० मिलिसेकंदांनी एकदा यायची, म्हणजे सेकंदाला ५० वेळा, त्यामुळे थ्रॉटल कंट्रोलरला जिन्यासारखा पायरी-पायरीने दिसायचा. त्यात स्टॅबिलाइज मोडमध्ये (ड्रोन फक्त तोल सांभाळतो, उंची तुम्ही सांभाळायची) थ्रॉटल जवळजवळ थेट मोटरकडे जातो, आणि खाली कॅमेरा लटकवलेला असला की हाताचा प्रत्येक गचका व्हिडिओत दिसतो. आर्डुपायलटमधलं पायलट थ्रॉटल फिल्टर हे पॅरामीटर (म्हणजे सेटिंग) इथे कामाला येतं, स्टिकच्या थ्रॉटलवरचा लो-पासच तो. ० म्हणजे बंद, तेच डिफॉल्ट, आणि १० हर्ट्झपर्यंत देता येतं. आकडा जितका लहान तितका थ्रॉटल सुस्त. १ हर्ट्झ ठेवलं तर स्टिक हलवल्यावर ६३ टक्के बदल व्हायला ०.१६ सेकंद लागतात, जवळपास पूर्ण व्हायला अर्धा सेकंद, आणि ड्रोन खाली येत असताना अर्धा सेकंद फार असतो हो. ४ हर्ट्झला तेच ०.१२ सेकंदात होतं. माझ्या मते २ च्या खाली जायचं कारणच नाही.

रेसिंगवाले मात्र उलट्या वाटेने गेले. २०१४ चं क्लीनफ्लाइट, त्यातून २०१५ मध्ये बीटाफ्लाइट, ही त्यांची सॉफ्टवेअरं, आणि त्यांनी थ्रॉटल बूस्ट आणला, म्हणजे स्टिक झटक्यात हलवली की क्षणभर जास्तच द्यायचं, मोटरला वेग घ्यायला लागणारा उशीर भरून काढायला. स्टिकच्या त्या पायऱ्या घासून गुळगुळीत करायला त्यांचं आरसी स्मूदिंग वेगळं.

घोळ वाढला तो २०१९ च्या बीटाफ्लाइट ४.० मुळे, असं मला वाटतं. त्यात जायरोच्या लो-पासचा कटऑफ (ज्या हर्ट्झच्या वरचं गाळायचं तो आकडा) थ्रॉटलबरोबर वर सरकायला लागला. आर्डुपायलटचा हार्मोनिक नॉचही (मोटरच्या वेगाची आणि त्याच्या पटीतली थरथर कापणारा जायरोचा फिल्टर) थ्रॉटलवरून चालवता येतो. म्हणजे थ्रॉटल हा शब्द दोन्ही घराण्यांत आला, आणि नवीन माणसाला वाटतं सगळं एकच.

त्या पोराचं दुखणं तर तिसरंच निघालं. कुणाची तरी पॅरामीटर फाइल जशीच्या तशी टाकलेली, त्यात थ्रस्ट एक्स्पो ०. प्रोपेलरचा जोर फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो, तो सरळ करायला हा एक्स्पो असतो, डिफॉल्ट ०.६५. तो काढून टाकला की वरच्या बाजूला थोडी स्टिक हलवली तरी जोर भसकन वाढतो, तिथे फिल्टर लावून फक्त उशीर होणार, उडी तेवढीच राहणार. आल्टहोल्डमध्ये (उंची ड्रोन स्वतः धरून ठेवतो तो मोड) उडवून बघ असंही सांगितलं, तिथे हा फिल्टर लागतच नाही कारण स्टिक म्हणजे चढायचा-उतरायचा वेग, गचका आला तर पायलटचं अ‍ॅक्सेलरेशन (चढायचा-उतरायचा वेग किती झटकन बदलायचा ते सेटिंग) कमी करायचं. एक्स्पो परत ०.६५, फिल्टर सध्या ०, लोहगाव विमानतळाच्या रेड झोनपासून (परवानगीशिवाय ड्रोन उडवायला मनाई असलेला भाग) लांब, नकाशा बघून उडव म्हटलं, आणि लॉगमध्ये (उड्डाणाची नोंद) थ्रॉटल इन (स्टिकवरून आलेला) आणि थ्रॉटल आउट (मोटरकडे गेलेला) यांच्या रेघा एकावर एक टाकून मला पाठव.