सिव्हिलचं एम.टेक. नागपुरात करायचंय? अर्ज गुणांवर नाही, दाखल्यावर अडतो

जून-जुलै आला की तोच प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकू येतो: गेट या प्रवेश परीक्षेचा स्कोअर बरा आहे, डिग्रीत फर्स्ट क्लास आहे, मग अर्ज परत का आला? बहुतेक वेळा घोळ दाखल्यावरच्या तारखेत किंवा नमुन्यात असतो. नागपुरात सिव्हिलच्या एम.टेक.ची दोन दारं आहेत आणि ती दोन वेगळ्या सरकारांची आहेत. दक्षिण अंबाझरी रोडवरची व्हीएनआयटी ही संस्था केंद्राची. तिथला प्रवेश सीसीएमटी या देशपातळीवरच्या समुपदेशनातून होतो. हिंगणा रोड, नंदनवन वगैरे भागांतली कॉलेजं राज्य सीईटी सेलच्या कॅपमध्ये, म्हणजे सामाईक प्रवेश प्रक्रियेत, येतात. पोरं दोन्हीकडे अर्ज करतात, करायलाच हवा. पण कागदांचा एकच गठ्ठा दोन्हीकडे चिकटवतात आणि तिथेच फसतात.

पात्रता दोन ओळींत. सीसीएमटीला गेट हवंच, स्कोअर निकालापासून तीन वर्षं चालतो. डिग्रीत खुला, ओबीसी आणि ईडब्ल्यूएस यांना ६० टक्के किंवा ६.५ सीजीपीए, एससी, एसटी आणि दिव्यांगांना ५५ टक्के किंवा ६.०. राज्याच्या कॅपला ५० टक्के पुरतात, महाराष्ट्रातल्या राखीव प्रवर्गांना ४५. गेट नसलं तरी कॅपमध्ये अर्ज करता येतो, फक्त गुणवत्ता यादीत गेटवाले आधी लागतात. नोंदणी, फी, पर्याय भरणं हे सगळं ऑनलाइन आहे आणि सिव्हिल पास झालेल्याला ते समजावून सांगायची गरज नाही.

आता नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे एनसीएल. सर्वांत जास्त अर्ज इथे अडतात.

"सर, एनसीएल तं आहे ना!" असं म्हणत पोरगं मोबाइल पुढे करतं. दाखला खरा असतो, सही-शिक्का असतो. पण तो राज्याच्या नमुन्यातला असतो आणि अर्ज असतो व्हीएनआयटीसाठी. सीसीएमटीला ओबीसी-एनसीएल केंद्र सरकारच्या नमुन्यातलं लागतं आणि ते त्याच वर्षीच्या १ एप्रिलनंतर काढलेलं असावं लागतं. मागच्या वर्षी काढलेला दाखला "अजून दोन वर्षं वैध" असं छापलेला असला तरी तिथे उपयोग नाही. कॅपचं गणित उलटं आहे. तिथे दाखला कधी काढला हे बघत नाहीत, कधीपर्यंत चालतो ते बघतात, आणि तो पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत वैध हवा. म्हणजे २०२६-२७ च्या प्रवेशाला ३१ मार्च २०२७. यंदाच्या ३१ मार्चला संपलेला दाखला जूनमध्ये अपलोड करणारे दर वर्षी भेटतात. तारीख दाखल्याच्या अगदी खालच्या ओळीत असते आणि तिथपर्यंत कोणी वाचत नाही.

म्हणून एप्रिल लागला की तहसीलला किंवा सेतूत एकाच फेरीत दोन अर्ज टाका, एक राज्याच्या नमुन्याचा, एक केंद्राच्या. खिडकीवरचा माणूस "दोन कशाला?" म्हणेल. हसून पावत्या दोन घ्या. एक खुलासाही करून ठेवतो: केंद्राकडे व्हीजे, एनटी, एसबीसी, एसईबीसी असे वर्गच नाहीत. आपली जात ओबीसीच्या केंद्रीय यादीत असेल तर तिकडे आपण ओबीसी, नसेल तर खुले. यादी महाराष्ट्राच्या नावाखाली बघायची, शेजारच्या राज्याच्या नाही. ईडब्ल्यूएसचंही हेच: केंद्राचा नमुना वेगळा, आणि त्यात आठ लाखांच्या उत्पन्नाबरोबर शेती, घर, प्लॉट हेही मोजतात. पाच एकर शेती असेल तर उत्पन्न कितीही कमी असो, केंद्राचा दाखला मिळत नाही.

जात वैधता हा फक्त कॅपचा डोंगर, सीसीएमटीच्या कागदांत ती येत नाही. बी.ई.ला राखीव जागेवर प्रवेश घेतलेल्यांकडे ती असते. अडकतात ते, ज्यांनी बी.ई. खुल्यातून केलं आणि एम.टेक.ला प्रवर्ग लावायचं ठरवलं. यांना वाटतं, जातीचं प्रमाणपत्र आहे म्हणजे झालं. नाही झालं. जिल्हा पडताळणी समितीला तुमच्या आजोबा-पणजोबांचा पुरावा हवा: ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा, एससीला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा, एसटीला ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा. एसटीची समिती वेगळी आहे. पुरावा म्हणजे जिल्हा परिषद शाळेचा दाखल-खारीज उतारा, कोतवाल बुकाची (गावच्या जन्म-मृत्यू नोंदवहीची) नक्कल, जुन्या महसुली नोंदी. सोबत वंशावळीचं शपथपत्र. शपथपत्रासाठी कोणी पाचशेचा स्टॅम्प पेपर आणायला सांगितला तर आणू नका. जात, उत्पन्न, रहिवास, नॉन-क्रिमीलेअर यांच्यासाठी शासनाने ते शुल्क माफ केलेलं आहे, साध्या कागदावर चालतं.

नागपूरकरांची यातली अडचण इतर जिल्ह्यांना कळत नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपण मध्य प्रदेशात होतो. जुने उतारे हिंदीत असतात आणि अनेकांचे आजोबा शिवनी, छिंदवाडा, बालाघाटहून आलेले असतात. कुटुंब १९६७ नंतर इकडे आलं असेल तर इथे जन्मलेल्या, इथेच शिकलेल्या ओबीसी पोरालाही महाराष्ट्रात आरक्षण मिळत नाही. हे जुलैत कळून रडण्यापेक्षा जानेवारीत घरी विचारा: १९६७ मध्ये आपण कुठे राहत होतो?

वैधता मिळायला किती दिवस लागतील हे कोणी सांगू शकत नाही, समितीही नाही. अलीकडच्या वर्षांत अर्जाच्या वेळी वैधतेसाठी केलेल्या अर्जाची पावती चालवून घेतात, पण ठरलेल्या मुदतीत मूळ प्रमाणपत्र आलं नाही तर अर्ज आपोआप खुल्यात जातो. पावती म्हणजे प्रमाणपत्र नव्हे, हे घरच्यांनाही सांगून ठेवा.

बाहेरून आलेल्या नोकरदारांच्या मुलांनी डोमिसाइलच्या मागे धावण्याआधी एक गोष्ट बघावी. आई किंवा वडील केंद्र सरकारच्या किंवा केंद्राच्या उपक्रमाच्या नोकरीत असतील, म्हणजे रेल्वे किंवा वेकोलि (वेस्टर्न कोलफिल्ड्स), आणि अर्जाच्या शेवटच्या तारखेआधी महाराष्ट्रात रुजू झालेले असतील, तर उमेदवारीचा प्रकार 'सी' लावता येतो. त्यासाठी कार्यालयाचं ठरलेल्या नमुन्यातलं पत्र लागतं. ओळखपत्राची झेरॉक्स लावून भागत नाही.

नावाचा घोळ किरकोळ वाटतो, पण वेळ खातो. दहावीच्या मार्कशीटवर वानखेडे डब्ल्यूने, आधारवर व्हीने. किंवा आधारवर वडिलांचं नावच नाही. अर्जात दहावीप्रमाणे नाव भरा आणि आधार आधी दुरुस्त करून घ्या, कारण पुढे विद्यावेतनाचे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच येतात. सीजीपीएचे टक्के स्वतःच्या मनाने दहाने गुणून काढू नका. रूपांतराचं सूत्र ग्रेडशीटच्या मागे छापलेलं असतं, नसेल तर कॉलेजकडून पत्र घ्या. आणि स्कॅन म्हणजे स्कॅन. चादरीवर दाखला ठेवून काढलेला फोटो, कोपऱ्यात अंगठा, खालचा बारकोड अर्धा कापलेला, असा अर्ज तपासणारा परत पाठवणारच. ई-स्क्रुटिनीत, म्हणजे कागदांच्या ऑनलाइन तपासणीत, अर्ज परत आला की मोबाइलवर एसएमएस येतो. तो नंबर वडिलांचा किंवा कॅफेवाल्याचा असेल तर तुम्हाला कळतं तेव्हा मुदत संपलेली असते. तात्पुरती यादी लागली की तक्रारीसाठी मोजके दिवस मिळतात. त्यात आपला प्रवर्ग, उमेदवारीचा प्रकार, गेटचा स्कोअर, तिन्ही डोळ्यांनी बघा. अंतिम यादीनंतर सुविधा केंद्रातला माणूस कितीही भला असला तरी काही करू शकत नाही.

दोन्हीकडे नंबर लागला तर? मूळ टीसी एकच असते. एका कॉलेजला ती दिली की "प्रवेश रद्द करा, मग परत देऊ" हे ऐकावं लागतं. मूळ कागद अडकवून ठेवायला एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेची मनाई आहे. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, तोंडी विनवण्या करत बसू नका.

विद्यावेतनाबद्दल गैरसमज फार. महिन्याला १२,४०० रुपये मिळतात ते पूर्णवेळ शिकणाऱ्या, प्रवेशाच्या वेळी गेटचा स्कोअर वैध असलेल्यांना, जास्तीत जास्त २४ महिने. गेटशिवाय कॅपमधून आलेल्याला हे नाही. दिवसा साइटवर नोकरी आणि इकडे विद्यावेतन, असंही चालत नाही. उलट आठवड्याला आठ-दहा तास विभागाचं काम करावं लागतं. खासगी कॉलेजात हे पैसे एआयसीटीईच्या पोर्टलवरून येतात आणि तुमची नोंद कॉलेजला मुदतीत मंजूर करावी लागते. प्रवेश झाला त्याच आठवड्यात ऑफिसात जाऊन विचारा की पोर्टलचं काम कोण बघतं. त्या बाबूचं नाव विभागप्रमुखांच्या नावाआधी पाठ असू द्या. बँक खातं साधं बचत खातं हवं, शून्य शिलकीचं जनधन नको.

नोकरी सोडायची नसेल तर प्रायोजित, म्हणजे मालकाने पाठवलेल्यांसाठीच्या, जागा आहेत, पण संबंधित क्षेत्रात दोन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव आणि मालकाचं ठरलेल्या नमुन्यातलं पत्र लागतं. लेटरहेडवर चार ओळी लिहून देणारे कंत्राटदार नागपुरात पुष्कळ आहेत. पगाराच्या नोंदी मागितल्या की तेच पत्र निकामी होतं.

गेटचं स्कोअरकार्ड मेमध्येच उतरवून ठेवा. ३१ मेपर्यंत ते फुकट मिळतं, त्यानंतर डिसेंबरअखेरपर्यंत पाचशे रुपये पडतात, आणि वर्ष संपलं की मिळतच नाही.