बगळा, खेकडा आणि नंबर प्लेट: पाणथळीच्या वर्गणीची पार्श्वभूमी

अमेरिकेच्या मेरीलँड राज्यात गाड्यांच्या रांगेत एक नंबर प्लेट हमखास दिसते: एका बाजूला निळा खेकडा, दुसऱ्या बाजूला बगळा आणि मधे नंबर. हा कुणी हौसेने चिकटवलेला स्टिकर नव्हे. प्लेट सरकारी आहे. गाडीमालकाने साध्या प्लेटऐवजी ती मागून घेतलेली असते, त्यासाठी थोडे डॉलर जास्त मोजलेले असतात, आणि त्यातला मोठा वाटा चेसापीक उपसागर, त्याला मिळणारे ओढे आणि काठच्या पाणथळी यांच्या कामाला जातो. दलदलीसाठी पैसे गोळा करायला सरकारला गाडीच्या पत्र्यापर्यंत का यावं लागलं, हे समजून घ्यायचं तर बरंच मागे जावं लागतं.

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत दलदल म्हणजे डास, हिवताप आणि फुकट गेलेली जमीन. १८४९ साली तिथल्या संसदेने लुइझियाना राज्याला त्याच्या हद्दीतली सरकारी दलदल चक्क देऊन टाकली. जमीन विकून येणाऱ्या पैशातून बांध घालायचे, चर खणायचे आणि पाणी काढून टाकायचं, ही अट. पुढच्या वर्षी तोच कायदा आणखी बारा राज्यांना लागू झाला, १८६० मध्ये आणखी दोन. अशी सुमारे साडेसहा कोटी एकर जमीन राज्यांच्या पदरात पडली. फ्लोरिडाच्या एकट्याच्या वाट्याला २ कोटींच्या आसपास. तिथे १९०५ मध्ये गव्हर्नर झालेल्या गृहस्थांचं नाव होतं नेपोलियन बोनापार्ट ब्रॉवर्ड (खरंच हेच नाव), आणि त्यांचा मुख्य वायदा होता एव्हरग्लेड्स या तिथल्या अफाट दलदलीचं पाणी उपसून शेती करण्याचा. १९९० साली सरकारने हिशेब मांडला तेव्हा अलास्का आणि हवाई वगळता देशातल्या २२ कोटी १० लाख एकर पाणथळींपैकी १० कोटी ४० लाखच उरल्या होत्या. कॅलिफोर्नियाने तर ९१ टक्के घालवल्या होत्या.

पहिली हाकाटी केली ती शिकाऱ्यांनी. १९३०च्या दशकात दुष्काळ पडला, तळी आटली, बदकं दिसेनाशी झाली. त्या वेळी जे नॉरवूड डार्लिंग नावाचे एक व्यंगचित्रकार होते. ‘डिंग’ अशी सही करत. फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी त्यांना वन्यजीव खात्याच्या प्रमुखपदी बसवलं. १९३४ मध्ये कायदा झाला: सोळा वर्षांवरच्या ज्याला बदकांची शिकार करायची असेल, त्याने दर वर्षी एक डॉलरचं तिकीट घ्यायचं. पहिल्या तिकिटावरचं चित्र खुद्द डार्लिंग यांचं, पाणथळीत उतरणारी बदकांची जोडी. पहिल्या वर्षी ६,३५,००१ तिकिटं खपली. आज किंमत २५ डॉलर आहे, आणि प्रत्येक डॉलरमधले ९८ सेंट पाणथळी विकत घेण्यात किंवा भाड्याने घेण्यात जातात. ६० लाख एकरांहून अधिक जमीन या तिकिटाने राखली आहे.

चित्र विकून पाणथळ वाचवायची, ही युक्ती या तिकिटातली. मात्र तिकीट घेणं शिकाऱ्याला सक्तीचं. ज्याने जन्मात बंदूक धरली नाही त्याच्या खिशात हात कसा घालायचा?

याचं उत्तर आधी कॅलिफोर्नियाला सापडलं, तेही माणसाच्या मिरवण्याच्या हौशीत. १९७० साली गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांच्या कारकिर्दीत तिथे मनासारखी अक्षरं असलेली प्लेट जादा शुल्क भरून मिळू लागली, आणि ते शुल्क पर्यावरणाच्या निधीत जाईल असं कायद्यानेच ठरवलं. आपल्याकडे आरटीओत ‘०००१’साठी लोक लाखांनी पैसे मोजतात, ते सरकारी तिजोरीत जातात, तिथे तशाच हौशीला एक पन्हळ लावून दिली. या योजनेतला एक किस्सा सांगायलाच हवा. १९७९ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका माणसाने अर्जात दोन पसंतीचे शब्द लिहिले आणि तिसऱ्या रकान्यात ‘नो प्लेट’, म्हणजे ते दोन नाही मिळाले तर विशेष प्लेटच नको. त्याला ‘नो प्लेट’ अशीच प्लेट आली. प्लेट नसलेल्या बेवारस गाड्यांच्या पावतीवर पोलीस नेमके हेच शब्द लिहीत. राज्यभरातल्या तशा सुमारे अडीच हजार नोटिसा त्याच्या घरी येऊन पडल्या.

चित्राच्या प्लेटची लाट आली ती पुढे, फ्लोरिडातून, आणि तिचं निमित्त दुःखाचं होतं. जानेवारी १९८६ मध्ये ‘चॅलेंजर’ यान कोसळलं. त्याच्या स्मरणार्थ १९८७ पासून यानाचं चित्र असलेली प्लेट विक्रीला आली. तोवर बहुतेक प्लेटा म्हणजे ठोकून उठवलेले आकडे आणि फार तर दोन रंग, कित्येक राज्यांत तुरुंगातल्या कैद्यांनी बनवलेल्या. (कॅलिफोर्नियातल्या फॉल्समच्या तुरुंगात अजूनही बनतात.) चकाकणाऱ्या कागदावर चित्र छापून तो पत्र्यावर चिकटवण्याचं तंत्र हाताशी आलं, आणि मग बगळा काढणं शक्य झालं. १९९० मध्ये फ्लोरिडाने पाणगायीची, म्हणजे मॅनटीची प्लेट काढली. त्याच वर्षी मेरीलँडची चेसापीक प्लेट आली.

मेरीलँडची तयारी आधीपासूनची होती. १९८३ मध्ये मेरीलँडने, शेजारच्या राज्यांनी आणि केंद्र सरकारने उपसागर सावरण्याचा करार केला होता, कारण शेतातला नायट्रोजन आणि फॉस्फरस पाण्यात उतरून खाडीचा जीव घुसमटत होता. आपल्या कोकण-गोव्याच्या खाजणाची आठवण करून देणाऱ्या तिथल्या खाऱ्या दलदली हे सारं गाळून घेतात, पण त्याच आकसत होत्या. १९८५ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने चेसापीक बे ट्रस्ट स्थापन केला, आणि पाच वर्षांनी त्याला हा पैसा मिळू लागला. रक्कम उपसागराच्या खर्चापुढे किरकोळ आहे, हे मान्य. पण एखाद्या शाळेला अंगणात पावसाचं पाणी मुरवणारी बाग करायची असेल, एखाद्या वस्तीला ओढा साफ करायचा असेल, तर असे छोटे पैसे मोठ्या अंदाजपत्रकातून निघत नाहीत, ते इथून निघतात. माझ्या मते या प्लेटचं खरं काम तेच.

एक गोष्ट मात्र खटकते. या प्लेटांवर दलदल फारशी दिसत नाही. दिसतो तो बगळा, खेकडा, पाणगाय, बदक. चिखल आणि लव्हाळ्यासाठी वीस डॉलर काढायला माणूस तयार होत नाही. डोळे असलेला कुणीतरी लागतो. चित्रावर किती मदार असते हे कॅलिफोर्नियात दिसलं. तिथली देवमाशाच्या शेपटीची प्लेट किनाऱ्याच्या कामांसाठी १९९७ पासून खपत होती. २००८ मध्ये चित्रकाराने उत्पन्नातला वाटा आपल्या प्रतिष्ठानाला मागितला, राज्याने नकार दिला, आणि शेवटी २०११ मध्ये शेपूट दुसऱ्याकडून काढून घ्यावी लागली.

युक्ती चालते म्हटल्यावर सगळेच धावले. विद्यापीठं, क्रीडासंघ, धार्मिक आणि राजकीय घोषणा. फ्लोरिडात इतकी गर्दी झाली की २०२० मध्ये एकूण १५० प्रकारांवर मर्यादा घालावी लागली. नव्या प्लेटसाठी आधी ३,००० मागण्या गोळा कराव्या लागतात. म्हणजे पाणगायीला आता फुटबॉलच्या संघाशी स्पर्धा.

मेरीलँडच्या प्लेटवर १९९० मध्ये ओळ होती, ‘ट्रेझर द चेसापीक’. ठेव्यासारखा जपा, एवढंच म्हणणं. २००४ च्या नव्या चित्रात खेकडा आला, ओळ तीच राहिली. दरम्यान तिथल्या ब्लॅकवॉटर अभयारण्यात चढता समुद्र आणि गवत मुळासकट खाणारा न्यूट्रिया नावाचा घुशीसारखा प्राणी यांनी १९३०च्या दशकापासून सुमारे ५,००० एकर दलदलीचं उघडं पाणी करून टाकलं होतं. २०१८ मध्ये प्लेट पुन्हा बदलली. या वेळी ओळही बदलली: ‘प्रोटेक्ट द चेसापीक’.