एअरलाइनला अर्ज करण्याआधी लॉगबुकचा हिशेब जुळवून घ्या

सीपीएल (कमर्शियल पायलट लायसन्स, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना) हातात आलं, मल्टी-इंजिन इन्स्ट्रुमेंट रेटिंग (एकाहून जास्त इंजिनांचं विमान फक्त उपकरणांकडे पाहून उडवण्याची मान्यता) झालं, आता एअरलाइनची जाहिरात कधी निघते याकडे डोळे. या टप्प्यावर बहुतेक मुलं लेखी परीक्षा, सिम चेक (सिम्युलेटरवरची चाचणी) आणि मुलाखतीच्या मागे लागतात. लॉगबुक, म्हणजे प्रत्येक उड्डाणाची नोंदवही, मात्र कपाटात पडलेलं असतं. ‘ते तर भरलेलंच आहे’ हा भरवसा असतो. अर्जाचा फॉर्म उघडला की वीस-पंचवीस रकाने समोर येतात: एकूण तास, पीआयसी (पायलट इन कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःकडे असलेले), ड्युअल (इन्स्ट्रक्टरबरोबरचे), क्रॉस कंट्री (एका विमानतळाहून दूरच्या दुसऱ्या ठिकाणी जाणारे), रात्रीचे तास, इन्स्ट्रुमेंट, मल्टी-इंजिन, गेल्या सहा महिन्यांतले, शेवटचं उड्डाण कधी. तेव्हा कळतं की वही भरलेली असली तरी जुळवलेली नाही.

आधी पात्रता. भारतात सीपीएलसाठी वय किमान 18, बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित (कला-वाणिज्यवाले हे दोन विषय एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून देतात), क्लास वन मेडिकल (व्यावसायिक वैमानिकांची वैद्यकीय तपासणी), डीजीसीएचे (नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाचे) पेपर आणि 200 तासांचं उड्डाण. या 200 मध्ये 100 तास पीआयसी म्हणून हवेत. 20 तास पीआयसी क्रॉस कंट्री हवी आणि त्यात एक फेरी किमान 300 नॉटिकल मैलांची, म्हणजे सुमारे 555 किलोमीटरची, वाटेत दोन वेगवेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून. 10 तास इन्स्ट्रुमेंट, त्यातले जास्तीत जास्त 5 सिम्युलेटरवरचे. 5 तास रात्रीचे, 10 टेक-ऑफ आणि 10 लँडिंगसह. यातल्या काही अटी अर्जाआधीच्या सहा महिन्यांतच पुऱ्या झालेल्या लागतात, म्हणून तारखांनाही तासांइतकंच वजन आहे. पुढे कमांडसाठी, म्हणजे कॅप्टन व्हायला, एटीपीएल (एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट लायसन्स) लागतं, त्याला वय 21 आणि 1500 तास.

थोडक्यात, परवान्याची प्रत्येक अट लॉगबुकच्या एकेका रकान्यावर उभी आहे. एअरलाइन त्यावर स्वतःच्या अटी चढवते आणि तोच हिशेब पुन्हा, जास्त बारकाईने पाहते.

तास मोजायचे कुठून कुठपर्यंत? फ्लाइट टाइम म्हणजे टेक-ऑफच्या उद्देशाने विमान स्वतःच्या ताकदीवर पहिल्यांदा हललं तिथपासून, उड्डाण संपून ते पूर्ण थांबलं तिथपर्यंत. बोलीभाषेत चॉक्स (चाकांना लावायचे अडसर) ऑफ ते चॉक्स ऑन, यालाच ब्लॉक टाइम म्हणतात. चाकं जमीन सोडतात तिथून पुन्हा टेकतात तिथपर्यंतचा एअरबोर्न टाइम वेगळा. इंजिन आणि एअरफ्रेमच्या देखभालीचा हिशेब त्याच्यावर चालतो. विमानाच्या टेक लॉगमध्ये (तांत्रिक नोंदवहीत) एअरबोर्न 1:05 आणि तुमच्या वहीत ब्लॉक टाइम 1:20 असेल तर तो घोळ नव्हे. घोळ होतो तो कधी हा आणि कधी तो आकडा उचलल्यावर. पहिल्या महिन्यात इन्स्ट्रक्टरने सांगितलं ते लिहिलं, नंतर हॉब्ज मीटर (विमानातलं तास मोजणारं यंत्र) पाहून लिहिलं, शेवटी घाईत टेक लॉगवरून उतरवलं, असं मिश्रण मी अनेक वह्यांमध्ये पाहिलंय.

मिनिटं आणि दशांशाचा गोंधळ तर याहून महाग पडतो. आपल्याकडे 1:20 म्हणजे एक तास वीस मिनिटं. अमेरिकेत शिकलेल्यांच्या वहीत तेच 1.3 असतं, कारण तिथे तासाचे दहा भाग करतात आणि एक भाग सहा मिनिटांचा. 1.3 म्हणजे 1:18. आता परत आल्यावर कुणी हा 1.3 घाईने 1:30 असा उतरवला, तर प्रत्येक फेरीत 12 मिनिटं वाढली. अशा 150 फेऱ्या असतील तर 30 तास हवेतून आले! मुलाचा हेतू खोटा नव्हता, पण तपासणाऱ्याला हेतू दिसत नाही, आकडा दिसतो. एक्सेलमध्ये बेरीज करणाऱ्यांनीही सांभाळायचं: 1.45 आणि 1.30 लिहून बेरीज मारली की 2.75 येतं, आणि खरं उत्तर असतं 3:15.

परदेशी वहीचा दुसरा पेच पीआयसीच्या रकान्यात असतो. अमेरिकी नियमात परवानाधारक पायलट एकट्याने कंट्रोल्स हाताळत असेल तेवढा वेळ पीआयसी लिहू शकतो. एकाने बाहेरचं दिसू नये म्हणून डोळ्यांवर हूड चढवून इन्स्ट्रुमेंटचा सराव केला आणि दुसरा बाहेर लक्ष ठेवायला सेफ्टी पायलट म्हणून बसला, तर ठरावीक परिस्थितीत दोघंही एकाच वेळचे पीआयसी तास लिहितात. तिथे ते कायदेशीर आहे. खर्च अर्धा होतो म्हणून तास वाढवायला मुलं हे सर्रास करतात. इथे परवाना बदलून घेताना मात्र एका छोट्या विमानात, एका वेळी, दोन कमांडर कसे, हा प्रश्न येतोच. माझं मत विचाराल तर असे तास वहीत वेगळ्या शाईने किंवा शेऱ्याच्या रकान्यात ओळखू येतील असे ठेवा आणि 100 तासांची अट त्यांच्याशिवाय पुरी करा. आणि परतीचं विमान पकडण्याआधी शाळेकडून लॉगबुकवर शिक्का-सही, तासांचा तपशीलवार तक्ता आणि ट्रेनिंग रेकॉर्डच्या प्रती घ्या. शाळा बंद पडतात, इन्स्ट्रक्टर नोकऱ्या बदलतात, मग ईमेलला उत्तर द्यायला कुणी उरत नाही.

आता जुळवणीकडे. तुमचं उड्डाण एकाच ठिकाणी नोंदलेलं नसतं. तुमच्या वहीत असतं, विमानाच्या लॉगमध्ये असतं, फ्लाइंग स्कूलच्या ऑथरायझेशन बुकमध्ये (उड्डाणाच्या परवानगीच्या नोंदवहीत) असतं आणि डीजीसीएच्या ई-जीसीए पोर्टलवरच्या ई-लॉगबुकमध्ये असतं. पोर्टलवर नोंद तुम्ही भरायची आणि संस्थेने मान्य करायची, अशी रचना आहे. बारामती असो, गोंदिया असो की धुळे, रोजच्या रेट्यात विद्यार्थी वही लगेच भरतो आणि पोर्टल पंधरा दिवसांनी, आठवणीतून. तिथेच तफावत जन्माला येते. तारीख एकाने इकडे, विमानाच्या नोंदणीतलं एखादं अक्षर तिकडे. पोर्टल त्याच संध्याकाळी भरायची सवय लावा. कंटाळा येतो, मान्य.

एक गुंता वेळेचाही आहे. काही नोंदी आयएसटीत (भारतीय वेळेत), काही यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत). पहाटे चारला निघालेलं उड्डाण यूटीसीत आदल्या दिवशीच्या रात्री साडेदहाचं असतं, म्हणजे तारीखच बदलते. एअरलाइनमध्ये लागलेल्यांना हे अंगवळणी पडतं. नवख्यांच्या वहीत एकाच पानावर दोन्ही वेळा सापडतात. एक निवडा आणि पहिल्या पानावर तसं लिहून ठेवा.

बेरजा तपासायला तीन समीकरणं पुरतात आणि प्रत्येक पानाच्या तळाशी ती लावून पाहायची. ड्युअल अधिक पीआयसी अधिक को-पायलट, ही बेरीज एकूण तासांइतकी यायला हवी. दिवस अधिक रात्र, तीच. सिंगल-इंजिन अधिक मल्टी-इंजिन, तीच. क्रॉस कंट्री आणि इन्स्ट्रुमेंट हे तास एकूण तासांच्या पोटातले, ते वरून मिळवायचे नाहीत. सिम्युलेटर उलट: तो पूर्ण वेगळा रकाना, एकूण फ्लाइट टाइममध्ये त्याचं मिनिटही घालायचं नाही. ‘आयएफआर (उपकरणांवर उडण्याच्या नियमांचा) प्लॅन फाइल केला होता’ म्हणून अख्खं उड्डाण इन्स्ट्रुमेंटमध्ये टाकणारेही भेटतात. स्वच्छ आभाळात क्षितिज पाहत उडवलं असेल तर ते इन्स्ट्रुमेंट नाही. रात्रीचे तास लिहिताना त्या दिवशीची, त्या विमानतळाची सूर्यास्ताची वेळ पाहा. डिसेंबरातले सात आणि मे महिन्यातले सात सारखे नसतात.

माझीच गोष्ट सांगतो. एका पानावरून पुढच्या पानावर बेरीज नेताना मी 87:35 च्या जागी 78:35 लिहिलं. नऊ तास गेले. चूक माझ्याच तोट्याची होती, म्हणून कुणाच्या लक्षात आली नाही, माझ्याही नाही. पुढच्या सगळ्या पानांवर तीच घसरलेली बेरीज चालत राहिली, सीएफआयच्या (शाळेच्या मुख्य उड्डाण प्रशिक्षकाच्या) सह्याही तिच्यावर झाल्या. एका एअरलाइनच्या कागदपत्र तपासणीत वहीत 222 तास आणि पोर्टलवर 231. समोरच्या बाईंनी शांतपणे विचारलं, “यातलं खरं कोणतं?” मला उत्तर देता आलं नाही. दोन रात्री बसून एकेक ओळ पुन्हा मांडली, चूक सापडली, पण ती दुरुस्त झाल्याचं लेखी कुणी द्यायचं? सीएफआय बदलले होते. शाळेकडून पत्र यायला तीन आठवडे लागले आणि तोवर ती बॅच गेली.

चूक दुरुस्त करण्याची रीत साधी आहे. वही शाईनेच भरायची. चुकलेल्या आकड्यावर एक आडवी रेघ, खालचा आकडा वाचता यावा अशी. शेजारी बरोबर आकडा, आद्याक्षरं आणि तारीख. मागच्या पानांच्या बेरजा बदलत असतील तर प्रत्येक पान खरवडत बसू नका. जिथे चूक सापडली तिथे एक स्वतंत्र ओळ घालून ‘पान क्रमांक अमुकवरील बेरजेची दुरुस्ती’ असं लिहा आणि सीएफआयची सही घ्या. व्हाइटनर, चिकटवलेली पट्टी, फाडलेलं पान, हे तिन्ही वर्ज्य. पन्नास खाडाखोडी चालतील, एक लपवलेली खाडाखोड नाही.

हे इतकं कडक का, याला इतिहास आहे. जानेवारी 2011 मध्ये गोव्यात एक प्रवासी विमान मुख्य चाकांऐवजी आधी पुढच्या चाकावर उतरलं. त्या वैमानिकाची चौकशी सुरू झाली आणि एटीपीएलसाठी दिलेली गुणपत्रिकाच बनावट निघाली. मग देशभरातल्या परवान्यांची तपासणी सुरू झाली. त्याच वर्षी राजस्थानात न उडताच दाखवलेल्या तासांवर सीपीएल काढल्याचं प्रकरण लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने बाहेर काढलं. अशा तासांना वैमानिकांच्या जगात जुना शब्द आहे: पार्कर पेनचे तास. विमान हँगरमध्ये, पेन हवेत. आज पकडले गेलात तर परवाना निलंबित किंवा रद्द होतो, फौजदारी गुन्हा लागू शकतो, आणि एका एअरलाइनने नाकारलेलं नाव दुसरीकडे पोचायला वेळ लागत नाही. हे क्षेत्र लहान आहे.

कागदपत्रांची चळत साधारण अशी असते: सीपीएल, इन्स्ट्रुमेंट रेटिंग आणि मल्टी-इंजिनची नोंद, एफआरटीओएल (विमानातला रेडिओ वापरण्याचा परवाना), इंग्रजी प्रावीण्याची नोंद (किमान लेव्हल 4), चालू क्लास वन मेडिकल, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, डीजीसीएच्या पेपरांचे निकाल, पासपोर्ट, टाइप रेटिंग (विशिष्ट प्रकारचं विमान उडवण्याची मान्यता) असेल तर त्याचे कागद, आणि लॉगबुक. लॉगबुक मूळ न्यायचं, एकाहून जास्त असतील तर सगळी. प्रत्येक पानाची स्कॅन प्रत आणि शेवटच्या पानावर ग्रँड टोटलखाली सीएफआयची सही-शिक्का. आधी दुसऱ्या कंपनीत उडवत असाल तर तिथल्या ऑपरेशन्स विभागाचं तासांचं प्रमाणपत्र राजीनामा देण्याच्या आधीच मागा. नंतर मागितलेलं प्रमाणपत्र हळू चालतं.

नाव आणि जन्मतारीख सगळीकडे एकसारखी आहे ना, हेही पाहा. आपल्याकडे वडिलांचं नाव मधे लावायची पद्धत. दहावीच्या गुणपत्रिकेत आडनाव पहिलं, पासपोर्टमध्ये शेवटी, परवान्यावर मधलं नाव गायब. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींना याचा जास्त त्रास होतो. हे मुलाखतीच्या आठवड्यात निस्तरत नाही.

फॉर्ममध्ये आकडे भरताना लॉगबुकवरूनच, मिनिटांसकट भरा. 231:25 असेल तर 231:25. ‘साधारण 240’ लिहू नका, गोल आकडा पाहिला की तपासणाऱ्याची मान वर होते. फॉर्मच्या तारखेनंतर आणखी उडवलं असेल तर मुलाखतीला जाताना नवा तक्ता बरोबर ठेवा आणि स्वतःहून दाखवा: अर्जाच्या दिवशी इतके, आज इतके.

मुलाखतीत पॅनेलवरचे कॅप्टन कधी कधी वहीचं मधलंच एखादं पान उघडतात आणि एका ओळीवर बोट ठेवतात. “हे 300 मैलांचं क्रॉस कंट्री. कुठून कुठे? वाटेत हवा कशी होती? दुसऱ्या विमानतळावर किती वेळ थांबलात?” खरं उडवलेल्याला तो दिवस आठवतोच, इंधनाच्या बिलासकट. शेऱ्याच्या रकान्यात दोन शब्द लिहून ठेवले असतील तर आणखी सोपं: ‘क्रॉसविंड’, ‘रनवे बदलला’, ‘दृश्यमानता कमी, परतलो’. तो रकाना बहुतेकांच्या वहीत कोरा असतो.