ध्रुवाजवळचा अवकाळी

नोव्हेंबरमध्ये सायबेरियाच्या उत्तर टोकाला पाऊस पडणं म्हणजे अवकाळीच. २०१३ साली यामाल द्वीपकल्पावर तो पडला. जमिनीवर हिम आधीच साठलं होतं. पाणी त्यात मुरलं, मग पारा झपाट्यानं उतरला आणि कुरणांवर बर्फाचा पत्रा बसला. तो वसंतापर्यंत हलला नाही. तिथल्या सुमारे २,७५,००० रेनडियरपैकी ६१,००० मेले, तेही थंडीनं नव्हे, भुकेनं. चारा पायाखालीच होता, पण खूर तिथवर पोचत नव्हता.

थंडीला हा प्राणी बधत नाही. त्याच्या केसांत हवा कोंडलेली असते आणि बाहेर पडणाऱ्या श्वासातली बरीचशी ऊब नाकातच परत घेतली जाते. अडचण पोटाची. हिवाळ्यातलं त्याचं मुख्य अन्न ‘रेनडियर मॉस’ म्हणून ओळखलं जातं, पण ते शेवाळ नव्हे. बुरशी आणि शैवाल यांनी मिळून थाटलेला तो संसार आहे. आपल्या गोड्या मसाल्यातलं दगडफूल याच गोतावळ्यातलं. वर्षाकाठी ते जेमतेम ३ ते ५ मिलिमीटर वाढतं, म्हणून एकदा तुडवलेलं कुरण सावरायला काही दशकं जातात. त्यात कर्बोदकं भरपूर, प्रथिनं नावापुरती. तरी तेवढ्यावर रेनडियर हिवाळा काढतो. हिमाखालचा चारा तो वासानं हेरतो आणि पुढच्या खुरांनी खड्डा खणून खातो.

डोळ्यांची करामत तर थक्क करणारी आहे. डोळ्याच्या तळाशी असलेला परावर्तक पडदा उन्हाळ्यात सोनेरी असतो आणि हिवाळ्याच्या अंधारात निळा होतो, म्हणजे अपुऱ्या उजेडातही दिसतं. शिवाय रेनडियरला अतिनील प्रकाश दिसतो. हिम हा प्रकाश परतवतं, दगडफूल तो शोषून घेतं. आपल्याला जिथं नुसतं पांढरं दिसेल, तिथं त्याला पांढऱ्यावर काळं दिसतं.

बोलताना आपण हिमालाही बर्फच म्हणतो. आपलं त्यावाचून काही अडत नाही. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशियाचं कोला द्वीपकल्प इथं पसरलेल्या सामी लोकांचं अडतं. त्यांच्या भाषेत हिमाच्या तळाशी असलेल्या साखरेसारख्या रवाळ थराला ‘सेआङाश’ म्हणतात. तो खणायला सोपा. पाऊस गोठून कुरणावर बसलेला बर्फ म्हणजे ‘चुओह्की’. आणि ‘गुओह्तुन’ म्हणजे हिमाखालचा चारा जनावराला गाठता येण्याजोगी स्थिती. मला हा शेवटचा शब्द फार मोलाचा वाटतो. उपग्रहाच्या चित्रात कुरण दिसतं, गुओह्तुन दिसत नाही. ते पाहायला हिमात काठी खुपसावी लागते.

अवकाळी यामालवर पूर्वीही पडत असे. आता समुद्रच बदलला आहे. १९७९ पासून आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगानं तापला आहे. शरद ऋतूत बॅरेंट्स आणि कारा समुद्रांवरचं बर्फाचं झाकण उशिरा बसतं, उघड्या पाण्याची वाफ होते आणि ती दमट हवा यामालवर येते. तिथल्या २००६ आणि २०१३ च्या आपत्तींचा अभ्यास करणाऱ्यांनी बोट ठेवलं ते याच उघड्या पाण्यावर. २०१३ नंतर यामालवरच्या नेनेत्स या रेनडियर पाळणाऱ्या जमातीची कळप गमावलेली कुटुंबं टुंड्रात अडकून पडली. तंबू आणि घसरगाड्या ओढायलाच रेनडियर उरले नव्हते. मासेमारीवर गुजराण करत, दुसऱ्यांकडून जनावरं उसनी घेऊन त्यांनी कळप पुन्हा उभे करायला घेतले.

अशा वर्षांसाठी सामी गुराख्यांचा जुना उपाय कळपाच्या घडणीतच होता. सगळी जनावरं एका साच्यातली ठेवायची नाहीत. माद्या हव्यात, वळू हवेत आणि खच्ची केलेले धिप्पाड नरही हवेत. हे नर कडक थर फोडतात आणि त्यांनी खणलेल्या खड्ड्यात दुबळी जनावरंही चरतात. कारकुनी हिशेबात मात्र असा नर म्हणजे फुकट खाणारं तोंड. मांसाचं उत्पादन वाढवायचं म्हणून नॉर्वेच्या धोरणानं १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून माद्यांनी भरलेल्या कळपांना उत्तेजन दिलं. कागदावर ते शहाणपणाचं दिसलंही असेल.

मग विकतचा चारा का घालू नये? घालतातच, पण तो महाग पडतो, आणि दगडफुलावर पोसलेल्या उपाशी रेनडियरपुढे एकदम वाळलेलं गवत टाकलं तर त्याच्या पोटातल्या जिवाणूंना ते झेपत नाही. चाऱ्याभोवती दाटी झाली की डोळ्यांचे संसर्गही पसरतात. त्यामुळे खरा उपाय जुनाच: इथं बर्फ बसला तर कळप घेऊन तिथं जायचं.

पण ‘तिथं’ आता काय आहे? यामालमध्ये वायूची क्षेत्रं, रेल्वे आणि नळवाहिन्या. मध्य नॉर्वेच्या फोसेन भागात सामींच्या हिवाळी कुरणांवर १५१ पवनचक्क्या. उच्च दाबाच्या विजेच्या तारांपासून रेनडियर दूर राहतात. तारांवर अतिनील ठिणग्या उडतात, आपल्याला त्या दिसत नाहीत, रेनडियरला दिसत असाव्यात, असा शास्त्रज्ञांचा कयास आहे. चारा शोधून देणारा डोळाच त्याला कुरणाबाहेर हाकलत असेल! तापमानवाढ रोखायला उभारलेल्या चक्क्यांनी तापमानवाढीनं गांजलेल्यांची जागा घ्यावी, हे मला पचत नाही.

ऑक्टोबर २०२१ मध्ये नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं निकाल दिला: फोसेनचे परवाने अवैध, कारण त्यांनी सामींच्या सांस्कृतिक हक्कांचा भंग झाला. चक्क्या फिरत राहिल्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये सामी तरुणांनी ओस्लोत मंत्रालयांच्या दारात ठाण मांडलं. त्यानंतर २०२३ च्या डिसेंबरात आणि २०२४ च्या मार्चमध्ये गुराख्यांच्या दोन गटांशी करार झाले. चक्क्या जागच्या जागी राहिल्या, गुराख्यांना पैसे आणि दुसरीकडे हिवाळी कुरण देण्याचं ठरलं. नकाशावर ते कुरण आखता येईल. गुओह्तुन आहे की नाही ते मात्र दर हिवाळ्यात काठी खुपसूनच पाहावं लागेल.