हृद्-फुप्फुस यंत्रजन्य शोथप्रतिक्रिया

हृदय थांबवून करायच्या शस्त्रक्रियेत रक्त यंत्रातून फिरवल्यावर शरीरभर उद्‌भवणारा दाह. संसर्ग नसतानाही ताप येतो, पांढऱ्या पेशी वाढतात, रक्तदाब उतरतो, फुप्फुसांत द्रव झिरपतो. ‘बायपास’ या शब्दाने मात्र घोटाळा होतो. गोव्यात ‘बांबोळीला (तिथल्या रुग्णालयात) बायपास झाली’ म्हणजे हृद्‌रोहिणीवर कलम बसवले, म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीला दुसऱ्या रक्तवाहिनीचा तुकडा जोडून नवी वाट दिली. येथे अभिप्रेत बायपास म्हणजे हृदय व फुप्फुसे वगळून रक्ताला काढून दिलेली वाट. कलम या वाटेशिवायही बसवता येते. दाहाचा दोष यंत्राचाच की शस्त्रक्रियेचाही, हा खालील वाद त्यावरच उभा आहे.

अमेरिकी शल्यविशारद जॉन गिबन यांनी ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात अशा यंत्रावर पहिली यशस्वी हृदयशस्त्रक्रिया केली. पुढे शस्त्रक्रिया निर्दोष होऊनही काही रुग्णांची फुप्फुसे निकामी होत. त्याला ‘पंप फुप्फुस’ म्हणत. १९८१ मध्ये चेनोवेथ व सहकाऱ्यांनी यंत्रावरील रुग्णांच्या रक्तात पूरक प्रथिनांचे (जंतूंशी लढणाऱ्या, चेतल्यावर दाह वाढवणाऱ्या रक्तातील प्रथिनांचे) सी३ए हे तुकडे वाढलेले दाखवले. १९८३ मध्ये कर्कलिन यांच्या गटाने ही वाढ आणि शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत यांचा संबंध मांडला. आजची संकल्पना साधारण त्या दशकात स्थिरावली असे मानता येते.

काळपट रक्त पारदर्शक नळीतून ऑक्सिजनेटरमध्ये (रक्तात प्राणवायू मिसळणाऱ्या भागात) जाते व लालभडक होऊन परतते. रक्त गोठू नये म्हणून वजनाच्या दर किलोमागे सुमारे ३०० ते ४०० युनिट हेपॅरिन देतात. तरीही बारावा गोठणघटक प्लॅस्टिकला चिकटून जागा होतो, कॅलिक्रीन व ब्रॅडिकायनिन ही दाह वाढवणारी द्रव्ये तयार होतात, पूरक प्रथिने चेतण्याच्या मार्गांपैकी पर्यायी मार्ग सुरू होतो. शेवटी हेपॅरिन उतरवायला प्रोटामिन दिले की त्या दोघांच्या संयुगामुळे पूरक प्रथिने पुन्हा चेततात, या वेळी अभिजात मार्गाने. चिडलेल्या पांढऱ्या पेशी फुप्फुसांच्या केशवाहिन्यांत अडकून इलॅस्टेज हे ऊती पोखरणारे विकर सोडतात.

दोष प्लॅस्टिकचाच, हे जुने मत. छातीचे हाड कापणे, रक्ताविना राहिलेल्या हृदयात रक्त पुन्हा सोडणे, आतड्यातून झिरपणारे जंतुविष, जखमेतून शोषून परत घेतलेले रक्त हीही कारणे आहेत. धडधडत्या हृदयावर, यंत्राविना कलम बसवल्यास पूरक प्रथिने कमी चेततात. पण इंटरल्युकिन-६ हे दाहाचा संदेश देणारे प्रथिन तेव्हाही वाढते. यंत्रावर व यंत्राविना कलम बसवण्याची तुलना करणाऱ्या, ४,७५२ रुग्णांच्या ‘कोरोनरी’ चाचणीत (२०१२) मृत्यू, पक्षाघात, हृद्‌विकाराचा झटका व डायलिसिस लागणारे मूत्रपिंड-अपयश यांच्या एकत्रित प्रमाणात ३० दिवसांपर्यंत लक्षणीय फरक आढळला नाही. त्यामुळे नावात ‘यंत्रजन्य’ असले तरी यंत्राचा वाटा मोठा, पण एकमेव नव्हे, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

उपायांत स्टेरॉइडांवर बरीच भिस्त होती. ७,५०७ रुग्णांच्या चाचणीत (२०१५) मिथिलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडने मृत्यू घटले नाहीत. हेपॅरिनचा लेप दिलेल्या नळ्या वापरतात. मुलांमध्ये रक्त गाळून जादा पाणी काढतात. औषधांनाही न जुमानता उतरलेल्या रक्तदाबासाठी कधी मिथिलीन ब्लू हे निळे रंगद्रव्य देतात. त्याने लघवी हिरवट-निळी होते.

गोव्यात बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या (गोमेकॉ) रुग्णालयात पेडणे-सत्तरीपासून सावंतवाडी-दोडामार्गपर्यंतचे रुग्ण येतात. अशा शस्त्रक्रियेनंतर आयसीयूत डोकावणाऱ्या नातेवाइकाला प्रथम दिसते ती सुजलेली पापणी. यंत्र भरायला वापरलेले लिटर-दीड लिटर द्रावण रक्तात मिसळलेले असते आणि गळक्या केशवाहिन्यांतून ते ऊतींत उतरते. पुढच्या काही दिवसांत ते लघवीवाटे निघून जाते. शस्त्रक्रियेपूर्वी अंगठी काढून ठेवायला सांगतात, त्यामागे या सुजेचेही कारण असते.