दोरी उतरवायची की राहू द्यायची? बांबूचं धनुष्य आणि फायबरग्लासचं धनुष्य

नागपूरच्या ओजस देवतळेने २०२३ मध्ये बर्लिनला जागतिक विजेतेपद मिळवलं ते कंपाउंड धनुष्यावर. कंपाउंडची दोरी सराव संपला म्हणून कोणी काढत नाही. काढायचीच तर बो प्रेस, म्हणजे पाती दाबून धरणारं यंत्र, लागतं. पण ते बघून बांबूच्या धनुष्याचीही दोरी रात्रंदिवस चढलेली ठेवली, तर ते धनुष्य मऊ पडतं. टोकांना कप्प्या असलेलं कंपाउंड निदान वेगळं ओळखू तरी येतं. खरा घोळ होतो तो साध्या, पारंपरिक दिसणाऱ्या दोन धनुष्यांमध्ये: एक निव्वळ बांबूचं किंवा लाकडाचं, आणि दुसरं लाकडावर फायबरग्लास चढवलेलं. दुसऱ्यावरची काच पारदर्शक असली तर आतले लाकडाचे रेषे लख्ख दिसतात आणि घेणारा त्याला लाकडीच समजतो.

ओळखायचं असेल तर पात्याची, म्हणजे मुठीच्या वरच्या-खालच्या वाकणाऱ्या भागाची, कड उजेडात धरा. फायबरग्लासच्या धनुष्यात कडेला सँडविचसारखे थर दिसतील: दोन्ही बाहेरच्या बाजूंना पातळ, चकचकीत पट्टी आणि मधे लाकूड. बांबूच्या धनुष्यात अशी पट्टी नसते. कडेला नुसते तंतू असतात आणि मधेमधे पेरांच्या गाठी हाताला लागतात.

आता मुद्द्याचं. दोरी चढवली की पात्याची लक्ष्याकडची बाजू ताणली जाते आणि आपल्याकडची, म्हणजे पोटाची बाजू दाबली जाते. लाकूड ताण बऱ्यापैकी सोसतं, दाबापुढे मात्र नमतं. तासन् तास दाब राहिला की पोटाकडचे तंतू हळूहळू चेपतात आणि दोरी काढल्यावरही पातं पूर्ण सरळ होत नाही. या उरलेल्या बाकाला धनुर्धर ‘सेट’ म्हणतात. थोडा सेट प्रत्येक लाकडी धनुष्याला येतोच, त्याने घाबरून जाऊ नये. वाढत जाणारा सेट मात्र धनुष्याचा जीव घेतो.

तो घरी मोजता येतो. दोरी उतरवल्याबरोबर धनुष्याच्या दोन टोकांवर एक दोरा ताठ धरा आणि मुठीपाशी दोरा व धनुष्य यांतलं अंतर पट्टीने मोजून लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मोजा. रात्रीच्या विश्रांतीत अंतर थोडं कमी झालेलं दिसेल. जेवढं कमी झालं तेवढं लाकडाने स्वतःहून सावरलं. उरलं ते कायमचं. दोरी चढवूनच ठेवलेल्या धनुष्याला ही सावरायची संधीच मिळत नाही. बाक बसला की दोरी आधीच सैलसर बसते, ओढताना सुरुवातीचा जोर कमी लागतो, म्हणजे साठवलेली ऊर्जाही कमी. इंडियन राउंडच्या, म्हणजे बांबू-लाकडाच्या देशी धनुष्यांच्या स्पर्धेच्या, ५० मीटरला हे लपत नाही: नेम तोच, बाण मात्र खाली.

म्हणून बांबूच्या बाबतीत माझं मत ठाम आहे. सराव संपला, दोरी उतरवा. मधे जेवणाची सुटी असेल तरी उतरवा. विराटपर्वात पांडव अज्ञातवासाला निघताना शमीच्या झाडावर शस्त्रं लपवतात, तेव्हा आधी धनुष्यांच्या प्रत्यंचा सैल करतात. दसऱ्याला शमीची गोष्ट सांगताना हा तपशील सहसा गळतो, पण धनुष्य वापरणाऱ्याला तोच आधी दिसतो.

फायबरग्लासचं गणित निराळं. पातं वाकतं तेव्हा सगळ्यात जास्त ताण आणि दाब बाहेरच्या पृष्ठभागांवर पडतो, मधोमध जवळजवळ काहीच नाही. तिथे बाहेर काच आहे, आणि ती लाकडासारखी चेपत नाही. त्यामुळे स्पर्धेच्या दिवशी सकाळी चढवलेली दोरी संध्याकाळपर्यंत राहिली, रोजच्या सरावात चार दिवस राहिली, तरी बिघडत नाही. उलट पायात अडकवून घाईघाईने दोरी चढवण्या-उतरवण्यातच पातं पिळण्याचा धोका जास्त. स्ट्रिंगर, म्हणजे दोन्ही टोकांना अडकवून धनुष्य वाकवायची जादा दोरी, वापरा. तो दोन्ही धनुष्यांना हवा. महिनाभर हात लागणार नसेल तर फायबरग्लासचीही दोरी उतरवलेली बरी.

या धनुष्याचा खरा शत्रू आपल्याकडे दोरी नसून ऊन आहे. नवतप्यात बंद गाडीत किंवा टिनाच्या छताखालच्या माळ्यावर ते ठेवलं की थर चिकटवणारा गोंद नरम पडतो. त्यातून दोरी चढलेली असेल तर ताणाखाली थर सुटू शकतात, पातं वळू शकतं. उन्हाळ्यात गाडीत धनुष्य ठेवणं भागच असेल तर दोरी उतरवूनच ठेवा, मग ते कुठल्याही जातीचं असो.

बांबूला नागपूरचा उन्हाळा वेगळ्या तऱ्हेने छळतो. दुपारच्या कोरड्या हवेत लाकूड ठिसूळ होतं आणि पूर्ण खेचताना मोडू शकतं, म्हणून आधी अर्धं-पाऊण ओढून धनुष्य जागं करून घ्यावं. तेच धनुष्य रात्री कूलरच्या झोतात टांगलं तर ओल पितं, आणि ओलसर लाकडाला सेट लवकर येतो. पावसाळ्यातही हेच. तेव्हा कूलर आणि ओल आलेली भिंत दोन्ही टाळून, दोन खुंट्यांवर आडवं ठेवा. कोपऱ्यात एका टोकावर उभं करू नका. अशाने खालचं पातं वाकडं होतं, आणि ही खबरदारी फायबरग्लासलाही लागू.

रोज दोरी उतरवण्यात एकच त्रास आहे: दोरीचा पीळ सुटतो. दोन-चार पीळ कमी झाले की दोरी लांब होते आणि ब्रेस हाइट, म्हणजे मुठीपासून दोरीचं अंतर, घटतं. त्यामुळे दोरी पूर्ण काढू नका. वरचा फासा पात्यावरून खाली सरकवा, खालचा खाचेतच राहू द्या आणि रबरबँडने बांधून टाका. दुसऱ्या दिवशी दोरी चढवल्यावर पट्टीने ब्रेस हाइट तपासा आणि मगच पहिला बाण लावा.